झेंडेवाल्यांची सनद

मी थापा मारतो, हे बंगळुरात बसवनगुडीला भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्यालासुद्धा माहीत आहे. चाळीस वर्षं मी एका लॉरी कंपनीत चौकशीच्या खिडकीला बसलो आणि फोनवर "लॉरी निघाली आहे" एवढंच सांगत आलो. लॉरीचं इंजिन गॅरेजात उघडं पडलेलं असायचं, ड्रायव्हर मेहुण्याच्या लग्नात जेवत असायचा, आणि मी सांगायचो, "आत्ताच तुमकूर ओलांडलं, सार." गिऱ्हाईक समाधानानं फोन ठेवायचं. मी जितक्या लॉऱ्या तुमकूरच्या पुढे नेल्या, तितक्या अजून या देशात बनलेल्या नाहीत. तेव्हा पुढचं वाचताना निम्मं वजा करून वाचा. कुठलं निम्मं, ते मी सांगणार नाही.

आमच्या घराला इथले जुने मराठी लोक 'झेंडेवाले' म्हणतात. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजा दक्षिणेत उतरल्या, त्यांच्यापुढे भगवा झेंडा घेऊन आमचा मूळपुरुष होता, म्हणून झेंडेवाले. माझ्या लहानपणी तो घोड्यावर होता. मी सांगायला लागल्यापासून हत्तीवर बसला. मुलांच्या मुंजीत सांगताना एकदा दोन हत्ती झाले, पण एकाच माणसाला दोन हत्ती कशाला असं कुणीतरी विचारलं, म्हणून एक परत पाठवला.

आणि याला पुरावा होता. माझी मोठी बहीण राजाजीनगरला असते. तिच्या देव्हाऱ्यात काचेच्या चौकटीत आमची सनद होती. पिवळा पडलेला कागद, त्यावर मोडी. घरात चार पिढ्यांत कुणाला मोडीचं अक्षर येत नव्हतं, पण मोडी म्हणजे राजाचंच, हे सगळ्यांना येत होतं. दर दसऱ्याला अक्का चौकट उघडायची, कागदाला हळदकुंकू वाहायची, निरांजन ओवाळायची. तिच्याआधी आमची आई ओवाळायची. एवढ्या वर्षांच्या हळदीकुंकवानं अर्धी अक्षरं झाकून गेली होती. पण देवाच्या पायाची बोटं कोण मोजतं?

भानगड दगडानं झाली. आमच्या मराठी मंडळींची एक जुनी वास्तू आहे, लग्नं-मुंजी होतात ती. तिची डागडुजी निघाली आणि दारात ग्रॅनाइटचा मोठा दगड बसवायचं ठरलं. प्रत्येक जुन्या घराण्याची त्यावर एक ओळ. मी आमची ओळ त्याच दिवशी देऊन टाकली: 'या घराण्याच्या मूळपुरुषाने किल्ल्यावर भगवा झेंडा रोवला.' हत्ती मी स्वतःहून गाळला होता.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "अण्णा, आधी सनद वाचून आणा."

"पन्नास वर्षं सगळे ऐकताहेत की."

"ऐकलेलं वेगळं. दगड कोरला की कोरला. दात काढल्यासारखं आहे, पुन्हा बसत नाही. दोन महिने देतो. नाहीतर तुमची ओळ वगळून बाकीच्या कोरू."

म्हणजे तीनशे वर्षं इथे राहून आम्ही दगडावर नाहीच. मी त्याच संध्याकाळी अक्काकडे गेलो आणि चौकट मागितली. तंजावरला मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, तिथे जातो म्हणालो.

अक्का चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं आधी कॉफी गाळून घेतली, मग म्हणाली, "मीही येते."

"तुझे गुडघे, अक्का."

"गुडघ्यांचं मी बघते. तू एकटा गेलास तर येताना छत्रपतींची सही घेऊन येशील, तम्मा." तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ.

तंजावरची मोडी वाचणारी बाई पन्नाशीची होती. तिच्या मराठीत तमिळ होतं, आमच्या मराठीत कन्नड, आणि तरी तिघांचं छान जमलं. मधूनमधून एकमेकांना इडली दाखवून शब्द पक्का करत होतो. तिनं कागद खिडकीशी नेला, भिंग धरलं आणि पहिली ओळ वाचून आमच्याकडे पाहिलं.

"याला तुम्ही काय म्हणता?"

"सनद," अक्का म्हणाली.

"हा अर्ज आहे, अक्का. साहेबाला केलेला."

मग तिनं सावकाश वाचून दाखवलं. साहेबाचं नाव कुंकवाखाली होतं. पुढचं दिसत होतं: 'मोजणीचे कामी झेंडा धरोन डोंगरावर उभा राहणार चाकर, राहणार बंगळूर, याची विनंती ऐसीजे. थंडी बहुत. हातास कंप होतो. काठी हालती, मग दुर्बिणीत झेंडा ठरत नाही आणि साहेब रागें भरतात. एक कांबळे देववावे, म्हणजे काठी हालणार नाही.' खाली 'वऱ्हाड प्रांत' आणि गावाच्या नावाचं शेवटचं तेवढं, 'खेड'.

मी हसलो, हे कबूल करतो. स्वतःला थंडी वाजते म्हणून कांबळं मागायचं आणि फायदा साहेबाच्या दुर्बिणीचा दाखवायचा! हा माणूस माझाच पूर्वज होता, याला दुसरा पुरावा नको.

अक्का हसली नाही. तिनं पदरानं डोळेही पुसले नाहीत. ती फक्त म्हणाली, "आम्ही गोऱ्या साहेबाला केलेल्या अर्जाला निरांजन ओवाळत होतो." आणि मग त्या बाईंना, "पण साहेबाला दिलेला अर्ज आमच्या घरी कसा?"

"एक तर ही नक्कल असेल. नाहीतर लिहिला आणि द्यायचा धीर झाला नसेल. कागद एवढंच सांगतो."

परत येऊन ओळ काढून घेतली असती, तर कुणी काही म्हटलं नसतं. पण मी अडून बसलो. आमचा माणूस भगवा सोडून मोजणीच्या झेंड्यामागे वऱ्हाडापर्यंत गेला, तर का गेला, कुठे उभा राहिला, ते पाहिल्याशिवाय मी दगडाला हात लावू देणार नाही. अक्का म्हणाली, "सरी, ठीक आहे. चल."

आम्ही तंजावराहून वऱ्हाडात गेलो, आणि मुद्दाम बसनं गेलो, टप्प्याटप्प्यानं, कारण तो चालत गेला होता. तेवीस बस बदलल्या. (वजा करा: अकरा.) तमिळ मुलखात भात होता, रायलसीमेत नुसते दगड, ते इतके की एखाद्या दगडाला शेजारी नको असेल तर त्याला पर्याय नाही. कर्नूलला ज्वारीची भाकरी सुरू झाली, बिदरला तिच्यावर कन्नड, उर्दू आणि मराठी एकत्र वाढली गेली. आणि या सगळ्यात दर दोन-तीन मुक्कामांना एखाद्या टेकडीच्या माथ्यावर दगड सापडायचा, त्यावर गोल आणि गोलात टिंब. कुठे धनगर त्यावर बसलेला, कुठे त्याला शेंदूर लावून देव केलेला, कुठे मोबाइलचा टॉवर त्याच्या डोक्यावर.

मोजणीच्या या दगडांची रेघ आमच्याकडूनच वर गेली होती. दोनशे वर्षांपूर्वी बंगळुरातच जमिनीवर लोखंडी साखळ्या पसरून पहिलं माप घेतलं आणि मग टेकडीवरून टेकडी बघत साहेब लोक पार हिमालयापर्यंत गेले, हे मला आयुष्यभर कुणी सांगितलं नव्हतं. बिदरजवळ एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं. त्यांनी वहीत एक त्रिकोण काढला, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, आणि म्हणाले, "आधी हे. मग नकाशा. मग नकाशावरून फौज, रेल्वे, शेतसारा. मुलूख तलवारीनं घेतला असं आपण म्हणतो. घेतला असेल. पण ठेवला तो या त्रिकोणांनी." त्रिकोणाच्या टोकांवर कोण उभे राहायचे, असं मी विचारलं. "आपलेच लोक. तापानं मेले, वाघानं नेले. त्यांची नावं नाहीत."

बसमध्ये अक्का म्हणाली, "शिंपी माप घेतो तेव्हा आपण हात वर करून उभे राहतो ना, तसं. माप आपल्या अंगाचं, कपडा दुसऱ्याचा."

वऱ्हाडात 'खेड' शेवटी असलेली गावं एवढी आहेत की एखाद्यानं झोपेत वळण घेतलं तरी एका खेडात जाऊन पडेल. आम्ही चार पाहिली. पाचव्याच्या उत्तरेला डोंगर होता, डोंगरावर गोल-टिंबाचा दगड होता, आणि पायथ्याशी पानटपरी होती. टपरीवाला चाळिशीचा, पायात पांढरे बूट. आमचं बोलणं ऐकून त्यानं अदबीनं सांगितलं, "तुमी हिंदीत बोला ना, समजते आमाले."

"आम्ही मराठीच आहोत," अक्का म्हणाली.

"असं काय? वाटत नाई."

साडेतीनशे वर्षं जपलेली भाषा त्यानं सुपारीसारखी कातरून बाजूला ठेवली. पण माणूस चांगला होता. टपरीला कुलूप लावून वाट दाखवायला वर आला. अक्का दर दहा पावलांना थांबायची आणि मी हात पुढे केला की माझ्या हातावर चापट मारायची.

माथ्यावर पोहोचल्यावर मी त्याला आमची सगळी कथा सांगितली, अगदी भगव्या झेंड्यापासून. तो ऐकता ऐकता मान हलवू लागला.

"हाओ. म्हणजे तुमचाच थो. माह्या आज्यानं सांगतलं होतं मले. भगवा झेंडा घेऊन दक्षिनेचा एक मानूस इथं उभा होता. गोरा साहेब म्हने, झेंडा उतरव. यानं साहेबालेच तिकून खाली ढकललं." त्यानं कडाही दाखवला. बऱ्यापैकी उंच होता.

अक्काच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "तम्मा," ती हळूच म्हणाली, "हेच लिहू या. हे यांचे आजोबा सांगत होते, आपण नाही."

मी त्या माणसाकडे नीट पाहिलं. प्रत्येक वाक्याआधी तो अक्काचा चेहरा बघत होता, आणि तिला जे आवडेल तिकडे पाऊल टाकत होता. 'भगवा' हा शब्द त्याला मीच दिला होता. कडा दाखवताना त्यानं हात जरा उशिरा उचलला, कारण कडा कुठे आहे हे त्यालाही तेव्हाच ठरवायचं होतं. चाळीस वर्षांचा अनुभव आहे मला. त्याचा रागही आला नाही. धंदेभाऊ भेटल्याचा आनंदच झाला. पण मी म्हणालो, "अक्का, ही लॉरी निघालेली नाही."

"तूच म्हणतोस हे?"

"मीच म्हणतो. दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

टपरीवाल्याच्या हातात साप-विंचवासाठी लांब बांबू होता. तो मी मागून घेतला, माझा रुमाल टोकाला बांधला आणि दगडाशी उभा राहिलो, टिंबावर बरोबर, काठी सरळ. वारा होता. सुरुवातीला वाटलं, यात काय आहे. मग खांदा बोलू लागला, मग मनगट. डिसेंबरची सकाळ होती, माझ्या अंगात स्वेटर आणि कानाला मफलर. किती वेळ उभा होतो, ते खरं सांगतो: सात मिनिटं. अक्कानं घड्याळ लावलं होतं.

"हलतेय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "हलतेय, तम्मा." मग ती उठली, माझ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी बांबू खालून धरला. तरीही हलत होता. टपरीवाला लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता. एवढा वेळ गप्प राहायला त्यालाही कष्ट पडले असतील.

उतरताना ती म्हणाली, "कांबळंच लिही."

सभेत मी नवी ओळ वाचली: 'या घराण्यातील एकाने साहेबाच्या मोजणीसाठी वऱ्हाडात डोंगरावर झेंडा धरला. थंडी फार म्हणून एक कांबळे मागितले.' मंडळी हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, थाप मारा, पण स्वल्प बरी मारा. मागचा हत्ती चांगला होता."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि एकाही माणसाला पटलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. "शेजारच्या ओळींत दिवाण आहेत, किल्लेदार आहेत. त्यांच्यात कांबळं कसं दिसेल? आणि इंग्रजांची चाकरी कशाला सांगायची आपण होऊन?"

"कारण दिवाणांनी कुणाचं मीठ खाल्लं, ते कुणी वाचून आणलेलं नाही," मी म्हणालो. "आमचं वाचून आणलंय. तुम्हीच सांगितलंत, वाचून आणा."

मग अक्का उठली. तिनं तंजावरच्या बाईंनी देवनागरीत उतरवून दिलेला कागद टेबलावर ठेवला, शेजारी मूळ अर्ज, हळदकुंकवासकट. "मी बरोबर होते," ती म्हणाली. "हा माझा भाऊ कसा आहे, ते मला तुमच्याहून जास्त माहीत आहे. ही ओळ बसेपर्यंत मी इथून उठत नाही." आणि खुर्ची ओढून दारात बसली. जेवणाची पंगत दारातूनच जायची होती. तासाभरात ठराव झाला.

दगड बंगळुराबाहेर आनेकलजवळ कोरायला दिला होता. आमच्या ओळीचा दिवस आला तेव्हा मी बसनं गेलो. पाथरवट सत्तरीचा, मराठी अक्षरं बघून-बघून कोरणारा, अर्थ न कळता. त्यानं ओळीचा अर्थ कन्नडात विचारला, मी सांगितला. त्यानं खडूनं अक्षरं आखली, मागे सरून पाहिलं. "शेवटी अर्धी ओळ रिकामी राहते, सामी. वाईट दिसेल. चार शब्द द्या आणखी." मग खडू खाली ठेवून, "सिक्ता?" म्हणजे, मिळालं का त्याला?

माझ्याकडे त्या क्षणी किमान सहा उत्तरं तयार होती. एकात तर साहेबानं स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून दिली होती.

"गोत्तिल्ला," मी म्हणालो. ठाऊक नाही.

"मग काय कोरू?"

"तेच," मी म्हणालो, आणि खडू घेऊन पुढे लिहिलं: 'मिळाले की नाही, ठाऊक नाही.' त्यानं शब्द मोजले, मान डोलावली आणि छिन्नी लावली.