सुकलाल आत का बसत नव्हता

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सुकलाल दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा, झाडझूड करायचा, आणि प्रार्थना सुरू झाली की बाहेर चपलांपाशी जाऊन बसायचा. प्रभुभोजनाची भाकर त्यानं कधी हातात घेतली नाही. हट्टी माणूस, दुसरं काय!

नऊ वर्षांपूर्वी तो दारू पिऊन ट्रॅक्टर चालवत होता. मागे केळीच्या घडांवर बसलेला पुना वळणावर खाली पडला आणि जागीच गेला. सुकलाल तुरुंगात जाऊन आला, दारू सुटली, तो प्रभूला शरण गेला. पण पुनाची बायको कस्तुरा काही डोळ्यांपुढून हलेना. दर पावसाळ्यात स्वतःचं रान तणात बुडालं तरी तो आधी तिचं निंदून द्यायचा.

पाळक जगदीशभाऊ सांगून सांगून थकले. "अरे, तुझा दंड ख्रिस्तानं क्रूसावर भरला. तू सुटलास."

"त्यानी भरा, खरं शे," सुकलाल म्हणायचा, "पन कस्तुरा अक्कानी माले पानी कोठे दिन्हं?"

पाड्याची रीतच तशी. पंचांपुढे कितीही दंड भरा, ज्याचं नुकसान झालं त्यानं आपल्या हातानं पाणी पाजल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. कस्तुरानं तर पंच बोलावलेच नव्हते. मग सुकलाल तिच्या शेतात राबायचा आणि बांधाकडे पाठ करून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. मागणार तरी कोणत्या तोंडानं, बिचारा?

यंदा श्रावणातल्या उन्हात भोवळ येऊन तो पिकातच बसला. कस्तुरा तांब्या घेऊन धावली. त्यानं तोंड फिरवलं.

"दया म्हनीसन नको, अक्का. माफ करशी ते पिसू."

कस्तुरा चिडलीच. "पुना त काय परत येनार नही. तुले मी कव्हयच सोडी दिन्हं, भाऊ! कितला साल व्हई ग्यात, तुन्हासाठे बांधवर तांब्या भरी ठेवस. तूच पाठ फिराई बठस. पे आते!"

सुकलाल लहान पोरासारखा रडला, आणि प्याला.

त्या रविवारी तो आत बसला. जगदीशभाऊंनी भाकर पुढे केली, आणि त्यानं ती घेतली.

सोमवारी स्वारी पुन्हा तिच्या शेतात हजर. कस्तुरा म्हणाली, "आते कसाले उना?"

"आते हाई काम माले गोड लागस, अक्का."