तीस खापरं

त्या कुंड्या काकूंनी घरून आणल्या होत्या. त्यांच्या शेडमध्ये भाजक्या मातीच्या सात-आठ जुन्या कुंड्या पडून होत्या, थंडीनं तडकलेल्या. काकूंनी त्या टॉवेलमध्ये गुंडाळून हातोडीनं फोडल्या आणि दोन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एकेका तुकड्याची धार पॉलिश पेपरनं घासून काढली, मुलांच्या बोटांना लागू नये म्हणून. तीस तुकडे झाले. अठ्ठावीस मुलांचे आणि दोन आमचे. एवढी काळजी घेणाऱ्या बाईवर पुढे निष्काळजीपणाचा ठपका आला आणि तो माझ्यामुळे आला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला सांभाळून घ्यायला लागेन. ती खोड मला आहे.

मी तेव्हा ब्रिस्टलच्या एका प्राथमिक शाळेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवत होते. पुण्याहून येऊन तीन वर्षं होत आली होती. काकू माझ्या वर्गातल्या सहायक शिक्षिका, वयानं माझ्या आईएवढ्या. काका इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, आता निवृत्त. मुलं मोठी झाल्यावर काकूंना घर खायला उठलं आणि त्या शाळेत लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव वहीवर वाचलं, मुलांसमोर इंग्रजीत स्वागत केलं आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या सिंकपाशी गाठून विचारलं, "कोथरूड की सदाशिव?" मी कर्वेनगर म्हटलं. "चालेल," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यात माझी पोळीभाजी असायची.

माझा व्हिसा शाळेच्या स्पॉन्सरशिपवर होता आणि तो त्या उन्हाळ्यात संपत होता. पुढच्या कागदांवर हेडबाईंची सही लागणार होती. गंमत अशी की मला इथे मत देता येत होतं. राष्ट्रकुलातल्या माणसाला इथे राहायला परवानगी असली की मतही देता येतं, आणि मी एका निवडणुकीत दिलंही होतं. राहायला मात्र दुसऱ्याची सही. प्राचीन अथेन्समध्ये बाहेरून आलेल्यांचं नेमकं उलट होतं. ते पिढ्यान्‌पिढ्या राहायचे, कर भरायचे, लढाईवर जायचे, पण मत नाही. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मत काय चाटायचंय? तू आधी तो लेटर घे त्यांच्याकडून." काकूंचं लेटर नेहमी पुल्लिंगी असायचं.

वसंतातला आमचा विषय होता प्राचीन ग्रीस. मी तो जीव तोडून शिकवला, कारण मला ती सही हवी होती. आधी एका मोठ्या ट्रेमध्ये कागदाच्या लगद्याचे डोंगर केले आणि त्यात निळं पाणी ओतलं. डोंगरांच्या मधे मधे सपाट जमिनीचे चार-सहा चतकोर उरले. एकेका चतकोरावर एकेक शहर, प्रत्येकाचे कायदे वेगळे, देव सारखेच पण भांडणं रोजची. काकू ट्रे पुसता पुसता मला मराठीत म्हणाल्या, "म्हणजे आपली मंडळंच की. एका ब्रिस्टलात दोन, आणि मधे डोंगरपण नाही." मग ऑलिव्ह आणि अंजिरं आणली. मग सभा भरवली. सभेत मी आधी सगळ्या मुलींना हात खाली करायला लावले, मग ज्यांचे आईवडील बाहेरून आलेत त्यांना. शेवटी सातच हात वर राहिले. मुलींनी आरडाओरडा केला, आणि हेडबाई दारातून बघत होत्या, त्यांना ते फार आवडलं.

त्यामुळे मी चेकाळले. पुढचा धडा होता शहरातून हद्दपार करण्याचा. अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा ठरवायचे, कुणी डोईजड झालंय का? झालं असेल तर एकेक खापराचा तुकडा घ्यायचा, त्यावर नाव कोरायचं आणि टाकायचं. कारण द्यायचं नाही. ज्याचं नाव जास्त तुकड्यांवर येईल त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षांसाठी. मी ठरवलं, मुलांनी वर्गातल्याच कुणाचं तरी नाव लिहायचं. म्हणजे अंगावर काटा येईल.

"खऱ्या मुलांची नावं नको गं," काकू आदल्या दिवशी म्हणाल्या. तुकडे वर्तमानपत्रावर मांडत होत्या. "गोष्टीतल्या देवांची घे."

"काकू, देव हद्दपार केला तर मुलांना काय वाटणार? खरं वाटायला पाहिजे."

"खरं वाटलं तर कुणीतरी रडेल. आपल्यात उगाच नाही म्हणत, खापर फुटतं ते कुणाच्या तरी डोक्यावर."

मला इतका आनंद झाला त्या वाक्याचा. खापर इकडे आणि खापर तिकडे! दुसऱ्या दिवशी मी तो शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिला, मुलांना त्याचा अर्थ सांगितला आणि माझ्या भाषेचं कौतुक करून घेतलं. काकू काय म्हणत होत्या ते मी कानांआड केलं. दोन तुकडे त्यांनी माझ्यापुढे धरले, "आपल्याला पण लिहायचंय ना?" मी म्हटलं, "आपल्याला कुठलं मत, काकू. आपण बायका, त्यातून उपऱ्या." आम्ही दोघी हसलो आणि ते दोन तुकडे मी ड्रॉवरमध्ये टाकले.

वर्गात एक मुलगी जानेवारीत मध्येच आली होती. इंग्रजी अजून अडखळत होतं, लिपीही नवीन. ती काकूंच्या शेजारी बसायची. काकूंनी तिला पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर तिचं स्वतःचं नाव लिहायला. इंग्रजीत तीनच अक्षरं. काकू तिच्यासाठी ठिपके काढून द्यायच्या आणि ती त्यावरून पेन्सिल फिरवायची. ठिपके सुटले त्या दिवशी काकूंनी ते नाव रंगवून घेतलं आणि भिंतीवर लावलं.

मुलांनी नावं लिहून तुकडे गोळा करून दिले. मी टेबलाभोवती सगळ्यांना उभं केलं आणि एकेक तुकडा वाचून ढीग करायला लागले. पहिले चार निरनिराळे निघाले. मग तिचं नाव. पुन्हा तिचं. मग सलग तिचंच. मुलं आधी खिदळत होती, ती गप्प झाली. काकू माझ्या मागून हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, "थांबव हे." मी थांबले नाही. मी स्वतःला सांगितलं की मधेच थांबवलं तर जास्त बोभाटा होईल. खरं कारण वेगळं होतं. इतका शांत वर्ग मला कधी मिळत नाही, आणि ती शांतता मला आवडली होती.

अठ्ठावीसपैकी एकोणीस. नंतर मी एकेकाला विचारलं तेव्हा बहुतेक मुलं म्हणाली, "छोटं होतं, मिस. तुकड्यावर मावत होतं." भिंतीवर समोरच लिहिलेलं होतं, बघून उतरवायला सोपं. त्यांचा तिच्यावर काही राग नव्हता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

शेवटचा तुकडा तिचाच होता. त्यावरही तिचंच नाव, सगळ्यांत सुंदर अक्षरात, शेजारी एक फूल. मी 'नाव लिहा' म्हटलं होतं. शाळेत वस्तूवर नाव लिहायला सांगतात ते आपलंच लिहायला सांगतात, एवढं तिला कळत होतं.

ती ढिगाकडे बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "दहा दिवस, मिस?" शब्द सगळे बरोबर होते. ती खुंटीकडे गेली आणि कोट घालायला लागली. काकू तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या बाहीत अडकलेला हात सोडवायला लागल्या. मी टाळी वाजवून सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची आई आली, बरोबर भाषांतराला एक शेजारीण घेऊन. तिसऱ्या दिवशी हेडबाईंनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा विचारला. त्यांच्यापुढे माझा पाठाचा आराखडा होता, त्यात नुसतं 'मुलं तुकड्यावर नाव लिहितील' असं होतं. कोणाचं नाव, ते मी लिहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "वर्गातल्या मुलांची नावं लिहायला कुणी सांगितलं?"

त्यांच्या मागच्या शेल्फवर माझी फाइल होती. निदान मला तरी ती माझीच वाटली. मी म्हटलं, "माझ्या मनात ग्रीक देवांची नावं होती. टेबलांवर सूचना देताना कदाचित काही गोंधळ झाला असेल. तुकडे वाटायला माझ्या सहायक होत्या."

पुण्यात एवढं खोटं बोलले असते तर घाम फुटला असता. इंग्रजीत ते किती सभ्य वाटलं. हेडबाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

मग काकूंना बोलावलं. दाराला काच होती. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, देवळात बसतात तशा. पाच मिनिटांत बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तू काय सांगितलंस ते वाचून दाखवलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? असेल, म्हटलं." त्यांनी चष्मा काढून कार्डिगनला पुसला. "तिथे बसून तुला खोटी पाडू? मग तुझा तो लेटर गेला असता." आणि त्या कोट घ्यायला गेल्या, कारण चौकशी होईपर्यंत त्यांना घरी राहायला सांगितलं होतं.

चौकशी फार चालली नाही. त्यांनी कबूलच केलं होतं. त्यांना वर्गाऐवजी जेवणाच्या हॉलमध्ये काम देऊ केलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. ती मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकूंचं नाव फिरलं, ते मला एका आईनंच दाखवलं, सहानुभूतीनं. स्टाफरूममध्ये निरोपाचा केक नाही, कार्ड नाही. बावीस वर्षांचा त्यांचा चहाचा मग तेवढा कपाटात राहिला.

तो मग घेऊन मी एका शनिवारी त्यांच्या घरी गेले. काका पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "या. तुमच्या शाळेत चोर सोडून संन्याशाला फाशी देतात वाटतं." चोर कोण, ते काकूंनी त्यांना सांगितलं नव्हतं.

"तुम्ही पेपर वाचा हो," काकू म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चहा टाकला. आधी त्या मुलीचं विचारलं. दुसरी शाळा कशी आहे, तिथे तिच्याजवळ कोण बसतं. मला माहीत नव्हतं. मग त्या आलं किसत राहिल्या आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "काकू, मी सोमवारी जाऊन खरं काय ते सांगते."

मी हे बोलले तेव्हा मला पुढचं वाक्य ठाऊक होतं. आपल्याकडची मोठी माणसं काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. जाऊ दे गं, झालं ते झालं, तू तुझं बघ. त्या वाक्यासाठीच मी बसमधून एवढी आले होते.

काकूंनी आलं चहात टाकलं. "सांग," म्हणाल्या.

एवढंच. रागानं नाही, साध्या आवाजात. मी चहा प्यायले. पोळीभाजीचा डबा त्यांनी तेव्हाही दिला, आणि मी तो घेतला.

सोमवारी मी हेडबाईंच्या ऑफिससमोरून चार वेळा गेले. मंगळवारी गेले नाही. जूनमध्ये सही झाली.

आता मी इथे कायमची आहे. माझ्या राहण्याला कुणाची सही लागत नाही, त्या हेडबाईही निवृत्त झाल्या. म्हणजे भीतीचं एकही कारण उरलं नाही आणि तरी मी कुणाला काही सांगितलेलं नाही. आधी व्हिसाचं निमित्त होतं. आता कळतं की ते निमित्तच होतं. दर वर्षी ग्रीस शिकवते. डोंगर करते, पाणी ओतते, पण खापरांचा धडा गाळते. ड्रॉवर बदलला तेव्हा ते दोन कोरे तुकडे हाताला लागले. धार अजून गुळगुळीत आहे. मी ते नव्या ड्रॉवरमध्ये ठेवले.

दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये काकू भेटतात. पहिल्या वर्षी त्यांनी फराळाच्या रांगेत मला विचारलं होतं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "अजून नाही." दुसऱ्या वर्षीही विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. यंदा त्यांच्याबरोबर ग्लासगोहून आलेली एक नवी मुलगी होती, शिक्षिकेची नोकरी शोधत होती. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून दिली.

"हिला विचार सगळं. ही टीचर आहे, आमच्या शाळेत."

त्या 'आमच्या' म्हणाल्या. मुलीनं नमस्कार केला, आणि मीही हसून केला.