व्याह्यांची मिशी शेवटी ठेवली

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, घरात लग्नकार्य निघाल्यास चित्र काढणाऱ्या नातेवाइकाला वाढप्यांत घ्यावे, अक्षता वाटायला लावावे, फार तर मांडवात पंख्याखाली बसवून ठेवावे. पण त्याच्या हातात पेन देऊ नये. आमच्या घरात ही चूक एकदा झाली. ते पेन माझ्या हातात होतं.

मी तुळजापूरकडच्या आमच्या वाशीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढतो. कुणी छापत नाही, म्हणून गोष्ट मीच लिहितो, चित्रं मीच काढतो, वाशीच्या स्टँडसमोर झेरॉक्स मारतो, घडी घालून पिना ठोकतो आणि ओळखीच्या माणसांना गाठून गाठून देतो. (ओळखीची माणसं हल्ली मला लांबून बघितलं की गाडीला किक मारतात.)

माझं पहिलं कॉमिक नळदुर्गच्या किल्ल्यात शिरणाऱ्या दरोडेखोराचं होतं. आता किल्ला म्हटलं की तटबंदी आली, तटबंदी म्हटलं की दगड आले, आणि प्रत्येक दगड वेगळा. मी दगडाला शेवाळ काढलं, शेवाळाला सावली काढली, सावलीत एक सरडा बसवला. माझी बायको सुमन चहा घेऊन यायची आणि विचारायची, "शिरला का आत?"

"अजून तट चालू आहे."

"तोवर त्याचं वय होईल की हो."

झालंच. तो दरोडेखोर अजून खंदकाच्या अलीकडे उभा आहे. मी मात्र त्यावरून धडा घेतला आणि दुसरं कॉमिक एका रविवारात काढून मोकळा झालो. ते पहिल्यांदा वाचलं माझ्या पुतणीनं, पिंकीनं. माझे मोठे भाऊ अण्णा, त्यांची ही एकुलती एक. तेव्हा ती शाळेत होती. माझ्या टेबलाशेजारी फतकल मारून हरभऱ्याचे ढाळे सोलत ती माझी सगळी कॉमिकं वाचायची, आणि माझ्या संग्रहातल्या प्रत्येक पानावर तिच्या बोटाचा हिरवा ठसा अजून आहे. तिनं ते रविवारचं कॉमिक वाचलं, उलटं धरून वाचलं, आणि म्हणाली, "काका, ह्यात बाप कुठला आन् लेक कुठला?"

"पुढं चालतोय तो बाप."

"मग मधीच लेक पुढं गेला तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा शोधलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

पिंकी मोठी झाली आणि तिचं लग्न ठरलं. स्थळ लोहारा तालुक्यातल्या सास्तूरचं. पोरगा चांगला, शेती चांगली, आणि पोराचे वडील तात्या म्हणजे मिशीचा माणूस. ती मिशी ओठावर सुरू व्हायची, गालावर थोडा मुक्काम करायची आणि मग दोन्ही बाजूंना वर निघून जायची. तात्या बोलताना आधी मिशी हलायची, शब्द मागून यायचे.

ठरल्यावर पिंकीनं मला गाठलं. "काका, पत्रिका सगळेच छापत्यात. माझ्या लग्नात आलेल्या परतेकाच्या हातात तुमचं कॉमिक पायजे. आमचं कसं जुळलं त्याचं."

माझे डोळे भरून आले. अण्णांचे आले नाहीत. ते म्हणाले, "आठ पानं कर. पाव्हन्यांचा मान राहिला पायजे. आन् माणक्याला इसरू नको."

माणक्या म्हणजे अण्णांचा बैल. त्याला विसरणं शक्यच नव्हतं, कारण हे लग्न त्यानंच जुळवलं होतं. पाहुणे मुलगी बघायला आले तेव्हा माणक्या दावं तोडून शेताच्या रस्त्यावर आडवा उभा राहिला. हॉर्न वाजवला, टॉवेल फिरवला, तात्यांनी स्वतः उतरून "हऱ्या" केलं. पण माणक्या जागचा हलेना. शेवटी पाहुणे तिथंच बांधावर बसले, पिंकी कळशी आणि तांब्या घेऊन सरळ रानातून आली, आणि घरातल्या कांद्यापोह्यांच्या आधीच होकार मिळाला. तेव्हा माणक्या आपण होऊन बाजूला झाला.

मग अशा थोर प्राण्याला मी कसा काढणार? निवांत. माणक्यासारखं मॉडेल मिळायला भाग्य लागतं. हलत नाही, "झालं का" विचारत नाही, आणि चित्र बघून "मी काय असा दिसतो?" म्हणत नाही. मी त्याच्या पापण्या काढल्या. वशिंडावरची वळी काढली. घुंगरमाळेतल्या प्रत्येक घुंगराला वेगळी चमक दिली. शिंगाच्या गोंड्याचा धागा न् धागा सुटा केला. दुसऱ्या पानावर तर त्याच्या डोळ्यात रस्त्यावरची जीप दिसत होती. ते पान बघून मी स्वतःच थोडा वेळ उठून उभा राहिलो.

सुमन म्हणाली, "अहो, गोष्टीत माणसं कधी येणार?"

"येतील की. रस्त्यात बैल आहे ना."

अशी तीन पानं झाली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी झेरॉक्सवाल्याचा फोन आला. "मास्तर, आज लवकर शटर वढतोय. पोरीचं जावळ काढाया तुळजापूरला निघालोय. पानं आणा, न्हायतर मग लगीन झाल्यावर वाटा."

पाच पानं कोरी होती आणि त्यांत दोन्हीकडचं सगळं गोत यायचं होतं. मी कोरी पानं घेऊनच दुकानात पळालो आणि काउंटरवर उभ्यानं सुरुवात केली. झेरॉक्सवाल्याच्या चहाच्या कपाचं बूड कागदावर ठेवायचं, गोल ओढायचा, दोन ठिपके, खाली एक रेघ. झाली मावशी. पुन्हा कप, गोल, दोन ठिपके. झाला मामा. एवढा वेग माझ्या हातात आहे हे मला माहीतच नव्हतं. पलीकडून झेरॉक्सवाला पान ओढायचा, अलीकडून मी शेवटची रेघ मारायचो.

एक गोष्ट मात्र मी घाईत करणार नव्हतो. तात्यांची मिशी. ती उरकायची वस्तूच नव्हती. सगळं झालं की कप बाजूला ठेवू, श्वास घेऊ आणि एकेक केस मन लावून काढू, असं मी ठरवलं होतं. व्याह्यांच्या मानाचा प्रश्न होता. म्हणून मिशी शेवटी ठेवली.

शेवटच्या क्षणी कप बाजूला ठेवला, श्वास घेतला आणि खाली बघितलं. तात्यांचं पान यंत्रात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धा जिल्हा ओलांडून वऱ्हाड आलं. मुलाकडच्यांचा मान आधी, म्हणून अण्णांनी स्वतः तात्यांसमोर टॉवेल-टोपी, नारळ आणि वर कॉमिकची पहिली प्रत ठेवली. मी खांबाआड उभा होतो. (माझ्या मापाचा खांब मांडवात नव्हता, हे नंतर कळलं.)

तात्यांनी पहिलं पान उघडलं. "वा. बैल लई झ्याक." दुसरं पान. "आरं, घुंगरं वाजत्यात की." तिसऱ्याला त्यांनी नुसतीच मान डोलावली. मग सहाव्या पानावर ते थांबले.

"ह्यो कोन?"

त्यांचे मेहुणे वाकले. "तुमीच असनार. खाली लिव्हलंय, तात्या."

तात्यांचा हात हळूच स्वतःच्या ओठावर गेला. मिशी जागेवर होती. खात्री पटल्यावर त्यांनी पुन्हा कागदाकडं बघितलं, मग पहिल्या पानाकडं, मग माझ्याकडं.

"मास्तर, आमाला दोन टिपकं, आन् बैलाला पापन्या?"

ते उठले, शांतपणे चालत बाहेर गेले, आपल्या जीपमध्ये पुढं बसले आणि दार लावून घेतलं. आमच्याकडं व्याही जीपमध्ये जाऊन बसला याचा अर्थ एकच होतो. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. भटजींनी मोबाइलमध्ये मुहूर्त बघितला आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा धरला.

अण्णा माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज अगदी खाली होता. "जा. मिशी लावून ये."

मी जीपच्या खिडकीत उभा राहिलो. मागच्या सीटवर तात्यांच्या आई बसल्या होत्या. गुडघ्यामुळं त्या अक्षतांच्या वेळीच उतरणार होत्या, आणि तोवर हातात आलेलं कॉमिक डोळ्यांना चिकटवून एकेक पान बघत होत्या. मी तात्यांची प्रत घेतली आणि म्हणालो, "तात्या, जरा डावीकडं बघा." तात्या रागात होते, पण बघितलं. मी पीळ काढला. पिळाला सावली दिली. डाव्या टोकाशी एक केस वेगळा निघाला होता, तोही घेतला.

तात्यांनी बघितलं. चेहरा थोडा सैल पडला. मग म्हणाले, "ही झाली माझ्या हातातली. बाकी समद्यांच्या हातात हाय ती?"

सगळ्या मांडवाच्या हातात बिनमिशीचे तात्या होते. प्रती गोळा झाल्या. मी दुसरी मिशी काढायला घेतली. तेवढ्यात तात्यांचे मेहुणे म्हणाले, "मास्तर, पेन काढलंच हाय तर माझं घड्याळ दाखवा की." मागून कुणी म्हणालं, "माझी बोरमाळ ऱ्हायली." एका पाहुण्याला टक्कल जरा झाकून हवं होतं. जीपपाशी रांग लागली. आणि मी (देवा, हा हात कुणी दिला मला) घड्याळात काटे काढायला लागलो.

गर्दीतून वाट काढत पिंकी आली. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या. तिनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरून म्हणाली, "काका, त्यो दरोडेखोर किल्ल्यात न्हाय शिरला तरी चालंल. पर तात्या मांडवात आलं पायजेत."

त्यानंतर माझा हात पुढं सरकेना. सुमननं माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला, पिंकीच्या पर्समधली काजळाची कांडी घेतली आणि जीपच्या बॉनेटवर कामाला लागली. एक फटका, एक मिशी. पान उलट, फटका, मिशी. रांगोळीचा हात होता तिचा. मी आयुष्यभर शोधलेला वेग मला माझ्याच बायकोच्या मनगटात दिसत होता. बघता बघता प्रती मांडवात परत गेल्या. तात्यांनी एक मागवली, उघडली, आणि जीपचं दार उघडायला हात घातला.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांच्या हातात दुसरी प्रत होती. सहाव्या पानावर तात्यांच्या शेजारी त्या होत्या. तोच कप, तोच गोल, तेच दोन ठिपके. वेगात असलेल्या सुमनला त्यातला नवरा कुठला आणि बायको कुठली, हे कसं कळावं? निम्म्या प्रतींत मिशी विहीणबाईंना होती.

"आवो," त्या तात्यांना म्हणाल्या, "सरका तिकडं."

आणि त्याही जीपमध्ये बसल्या. दार पुन्हा लागलं.

अण्णांनी टोपी काढून हात जोडले. भटजींनी मोबाइल खिशात ठेवला, म्हणजे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पिंकी माझ्याकडं बघत नव्हती, हे मला जास्त लागलं.

तरी लग्न लागलं, हे सांगून टाकतो. अक्षता पडल्या त्या मुहूर्ताला नव्हे, पण उन्हं कलायच्या आत पडल्या. पिंकी आता सास्तूरला असते. तिच्या घराच्या रुंद ओसरीत माझं पहिलं पान काच लावून टांगलंय आणि तात्या येईल त्याला घुंगरं दाखवतात. सहावं पान त्यांनी फ्रेमच्या मागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. तिथं गेलो की पिंकी पुढ्यात चहा ठेवते आणि कप माझ्या हातातून स्वतः परत घेते; टेबलावर ठेवू देत नाही. मीही सुधारलो. हल्ली माणसं आधी काढतो, मिशा लगेच लावतो, आणि बैल तीन रेघांत संपवतो. पिंकीची लेक आईसारखीच फतकल मारून वाचायला बसते आणि विचारते, "हा बैल हाय का शेळी?"

पण त्या दिवशी तात्या आणि विहीणबाई पोट धरून हसत जीपमधून उतरले, ते माझ्या रेघांमुळं नाही आणि सुमनच्या काजळामुळंही नाही. सगळे जीपभोवती उभे होते तेव्हा मागच्या सीटवर तात्यांच्या आईनं शेवटचं पान मिटलं, पुन्हा पहिलं उघडलं, माणक्याच्या पापण्यांवरून बोट फिरवलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात लेकाला विचारलं,

"समदं बघितलं म्या. पर तात्या, ह्या बैलाला नवरी कुठली केली रं?"