झाकण लावलेला डबा

आमच्या बचत गटाने मसाल्याच्या धंद्यासाठी बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव केला. तेलुगू लक्ष्मी, मारवाडी कमल, शबाना आणि मी. बँकेच्या बाई म्हणाल्या, "सगळ्या समाजाच्या बायका एकत्र आहेत, हे वरच लिहा." लिहिलं. कागदावर एकत्र बसायला पेन पुरतं.

मग चौघींनी डबे मांडले. चांगला मसाला निवडून प्रस्तावाबरोबर पाठवायचा होता. तीन डबे चाखून झाले. शबानाच्या डब्याचं झाकण तसंच.

"माझा उपास आहे," कमल म्हणाली. माझा मसाला तिने नुकताच चाखला होता. लक्ष्मी खिडकीबाहेर बघत बसली. हात मीही पुढे केला नाही.

शबानाने डबा पिशवीत ठेवला. "मावशी, सही कुठे करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. तेवढंच धाडस माझ्यात होतं.