उभ्या इंजिनाचा ड्रायव्हर

सरकारचं आणि रेल्वे कंपनीचं फाटलं, तेव्हा ड्रायव्हर शेडमध्ये इंजिन पुसत होता. घाटातली ती रेल्वे परदेशातल्या एका कंपनीनं बांधलेली, जमीन सरकारची. कित्येक वर्षं दोघांचं गुळपीठ होतं. मग सरकार म्हणायला लागलं, की पूल कमजोर झालेत, कंपनीनं करार मोडलाय. कंपनी म्हणाली, सरकारला आयती रेल्वे गिळायची आहे. शब्दाला शब्द वाढला आणि भांडण सातासमुद्रापार गेलं, एका तिसऱ्याच देशात, तीन लवादांपुढे. एक सरकारनं निवडलेला, एक कंपनीनं आणि तिसरा दोघांचीही हरकत नसलेला. त्यांनी सगळ्यात आधी हुकूम काढला तो असा, की निवाडा होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

पण इंजिन नुसतंच उभं राहिलं तर गंजून जाणार. म्हणून दोन्ही बाजूंना चालेल असा एक माणूस त्याच्यावर नेमायचं ठरलं, आणि असा माणूस एकच निघाला, तो म्हणजे ड्रायव्हर. त्यानं इंजिन पुसायचं, तेलपाणी करायचं, अधूनमधून सुरू करून बघायचं, पण हलवायचं नाही. ग्रीसचा डबा मागितला की सरकार कंपनीकडे बोट दाखवायचं आणि कंपनी सरकारकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत. गावानं त्याचं नावच पाडलं, ‘उभा ड्रायव्हर’.

त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते इंजिन सुरू केल्यावर. पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायला लागायची, हात आपोआप गाडी सोडायच्या दांड्याकडे जायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा. मग तो खाली उतरून उगाचच चाकांभोवती फिरून यायचा. बायको म्हणायची, “सवत असती तरी परवडली असती. ती निदान कधीतरी माहेरी गेली असती.”

माहेरावरून त्याला बहिणीची आठवण व्हायची. धाकटी बहीण घाटाच्या मधल्या स्टेशनाजवळ दिलेली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला रात्रभर एकटं सोडण्याची सोय नाही. गाडी होती तेव्हा शेजारणीला बसवून ती सकाळी यायची, आईवडिलांच्या, आता भावाच्या, घरात दिवसभर वावरायची, वहिनीशी पोटभर बोलायची आणि संध्याकाळी भावाच्याच गाडीनं परत जायची. आता रस्त्यानं यायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, दोन बस आणि एक मुक्काम. ड्रायव्हरला तर हुकुमानं इंजिनाला बांधूनच टाकलेलं. फोन होता. पण फोनवर खुशाली कळते, माणूस दिसत नाही.

अशी वर्षं गेली. मग एकदा निरोप आला, की लवाद दोन्ही बाजूंचे वकील घेऊन स्वतः पूल बघायला येताहेत, इंजिन आणि एक डबा तयार ठेवा. ड्रायव्हरला बजावलं गेलं, की गाडी फक्त पुलांवर थांबेल, प्रवासी घ्यायचे नाहीत आणि खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. त्यानं सगळ्याला मान हलवली. त्याच्या कानात एकच गोष्ट शिरली होती, गाडी निघणार.

निघाली. पहिल्या वळणावर त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यानं वाऱ्यावर ढकललं. पण पुढे त्यानं जे पाहिलं ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आवाज ऐकून माणसं रुळांकडे धावत येत होती. कुणी बोचकं काखेला मारून, कुणी लेकरू कडेवर घेऊन. त्यांना वाटलं, गाडी सुरू झाली. तो हात हलवून नाही, नाही म्हणत होता आणि ती माणसं उलटून त्यालाच हात करत होती.

मधल्या स्टेशनावर बहीण उभी होती. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, हातात पिशवी. ड्रायव्हरनं वेग कमी केला, इतका की माणसाला बरोबरीनं चालता यावं. ती चालायला लागली.

“दादा, झाली सुरू?”

“नाही गं. साहेबांना पूल दाखवायला काढलीय नुसती.”

“मग थांबणार नाहीस?”

“हुकूम नाही.”

ती चालतच राहिली. “किती पिकलास रे.”

“तू तरी कुठं हिरवी राहिलीस?”

ती हसली आणि फलाट संपला.

पुढच्या पुलावर गाडी थांबताच कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली, की वेग विनाकारण कमी केला. तिसरा लवाद वयस्कर होता. त्यानं दुभाष्याकरवी कारण विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “तिथं माझी बहीण होती.” म्हातारा थोडा वेळ खाली दरीत बघत राहिला. मग म्हणाला, की दोन्ही पक्षांची संमती असेल तर परतताना तिथं जरा थांबू. दोन्ही वकील बाजूला जाऊन कुजबुजले. सरकारचा वकील तयार होता, पण त्याला ते थांबणं सरकारच्या परवानगीनं झालं असं लिहून हवं होतं. कंपनीच्या वकिलाला ते कंपनीच्या परवानगीनं हवं होतं. जमलं नाही. म्हाताऱ्यानं ड्रायव्हरकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं.

परतताना बहीण तिथंच उभी होती. ड्रायव्हरनं या वेळी वेग कमी केला नाही. तिच्या चेहऱ्याची नुसती एक फिकट रेघ सरकून गेली. घरी बायकोनं विचारलं, “बोलली का काही?” तो म्हणाला, “पिकलास म्हणाली,” आणि न जेवताच झोपला.

निवाडा पुढच्या वर्षी लागला. सरकारनं कंपनीला भरपाई द्यायची, रूळ सरकारचे, इंजिन आणि डबे कंपनीचे. इंजिन सुटं करून ट्रकांवर चढवलं, तेव्हा ड्रायव्हर तिथं नव्हता. बायको त्याला म्हणाली होती, “आता तुला कोण अडवतंय? जा तिच्याकडे.” तो रुळांमधून चालत निघाला होता.

उन्हं कलली तेव्हा तो पोचला. बहिणीनं पायांवर पाणी घातलं, नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं आणि काम आवरून भावाशेजारी येऊन बसली. गाडी आता येणार नाही, हे त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, “आपलं घर कसं आहे रे? पहिल्यापासून सांग.”

त्यानं दारापासून सुरुवात केली. कडी बदलली, उंबरा तोच आहे. पुढच्या खोलीला निळा रंग दिलाय, पण बाबांच्या खाटेमागची भिंत तशीच ठेवलीय. तिनं डोळे मिटले. सांगता सांगता तो स्वयंपाकघरात शिरला तशी ती हळूच म्हणाली, “सावकाश. इथं जरा थांब.”

तो थांबला.