डोरिलाचा पत्ता

“गावात एकाच्या कानावर घातलं की सगळ्यांना कळतं. इथंही तसंच असेल असं वाटलं, त्यात माझं काय चुकलं?” डोरिलाने मक्याच्या पिठाचा गोळा इतका जोरात थापला की कडेने घेवड्याचं सारण बाहेर आलं.

“तुझं कसं चुकेल?” सासूबाई तेंचा म्हणाल्या. “न्यायाधीशानंच तुझ्या गावी जाऊन विचारायला हवं होतं.”

मावशीच्या तळघरातून या घरात आल्यावर डोरिलाने नवा पत्ता हजेरीच्या दिवशी इमिग्रेशनच्या साहेबाला सांगितला होता. त्याने लिहूनही घेतला. साल्वादोरमधल्या तिच्या डोंगरगावात नगरपालिकेच्या कारकुनाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाद्री, पोलीस, सुईण सगळ्यांना ठाऊक व्हायची. इथे साहेब वेगळा आणि कोर्ट वेगळं. नोटीस मावशीच्या दारी गेली, सुनावणी डोरिलाविना झाली, देश सोडण्याचा हुकूम निघाला. खटला पुन्हा उघडा, हा तिचा अर्ज परवा नामंजूर झाला. अपील करता येईल, असं वकीलबाई म्हणाल्या. साहेबाने पत्ता लिहून घेतलेला कागद आपल्याकडे आहे, पण खात्री कशाचीच नाही.

तिचा नवरा नेफ्ताली अपिलाच्या विरुद्ध होता. टेक्सासला भावाकडे निघून जावं, पत्ता कुणाला कळूच द्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. सापाच्या शेपटीवर पुन्हा पाय कशाला द्यायचा, ही तेंचाबाईंची त्यात भर.

डोरिलाने तव्यावरच्या पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकऱ्या, उलटल्या. मस्त फुगल्या होत्या. चर्च सुटलं होतं. जिन्यात पावलं वाजू लागली. खालची माताई दारातूनच सांगून गेली, चीजच्या माझ्यासाठी ठेव, कोबीचं लोणचं जास्त घाल. दर रविवारी हे असंच. माणसं तिला शोधत येत आणि ती सापडे. या विचाराने तिचा राग कुठल्या कुठे गेला.

“लपून बसले तर पुपुसा विकू कुणाला?” तिने दाराशी उभ्या नेफ्तालीला विचारलं. “टेक्सासच्या तुझ्या वहिनीला?”

“ती फुकट मागेल,” तेंचाबाई म्हणाल्या, आणि नेफ्तालीलाही हसू आवरलं नाही.

डोरिलाने हात धुतले, एप्रनला पुसले.

“उद्या मी वकीलबाईंकडे जाणार आहे. अपील करायचं. आणि निकाल लागेपर्यंत या घरातून कुणी हलायचं नाही.”