कपाटातले हातमोजे

आमच्या मालाडच्या कारखान्यातले सेफ्टीवाले साहेब भेटेल त्याला बजावतात, "भाजणं म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा हो!" आणि चष्मा पुसतात. कॅन्टीनच्या रोझमावशींसाठी जाड हातमोजे त्यांनीच वरच्यांशी भांडून आणले, आणि खराब होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकसकट स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केले. सुरक्षा सप्ताहाच्या फोटोपुरते ते बाहेर येतात. एरवी मावशी चहाचं पातेलं जुन्या फडक्याने उतरवतात.

गेल्या आठवड्यात फडकं सटकलं आणि मावशींचा उजवा हात भाजला. साहेब धावत आले, त्यांचा हात नळाखाली धरून ठेवला, रिक्षाने दवाखान्यात नेलं. खरंच हळहळले.

मी म्हटलं, "आता तरी ग्लोव्हज द्या ना त्यांना."

"रोज वापरले तर टिकतील का रे?"

काल सुरक्षा सप्ताह सुरू झाला. साहेबांनी मावशींच्या बँडेजवर अगदी हळुवारपणे मोजा चढवला.

"दुखतंय का हो?"

"दुखतंय ना."

"एक मिनिट हसा फक्त."

फोटो झाला. मोजे प्लॅस्टिकमध्ये गेले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "जपून हां, मावशी."

मावशींनी डाव्या हाताने फडकं उचललं.